वावटळीचे तीस दिवस

९ जानेवारी, सोमवार

अर्ज दिला! एकदाचा दिला! दोन ओळी, सुवाच्य अक्षर — दुसरी 'अ'मधल्या अमुक विद्यार्थिनीला 'ब' तुकडीत हलवावं, ही विनंती. खाली सही. बावीस वर्षांत एकाही मुलाला माझ्या वर्गातून काढा असं मी म्हटलं नव्हतं. पण बावीस वर्षांत वावटळ कुठे भेटली होती!

वावटळ सात वर्षांची आहे. पुढचे दोन दात नाहीत, एक वेणी कायम सुटलेली. आज तिनं काय करावं? पुढच्या बाकावरच्या दोघांच्या बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधल्या. घंटा झाली आणि दोघं दोन दिशांना धावले. हनुवट्या शाबूत राहिल्या हे त्यांच्या आईबापांचं पुण्य. मी ओरडले. मग तिला दाराबाहेर व्हरांड्यात उभं केलं. रोजच्यासारखंच.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, अर्ज शांतपणे वाचला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत, पण खुर्ची मोठी ना! म्हणाल्या, शाळेचे तीस दिवस द्या. ओरडायचं नाही. बाहेर उभं करायचं नाही. रोज तिच्यातल्या तीन चांगल्या गोष्टी शोधायच्या आणि तिला सांगायच्या. नुसतं 'छान' म्हणून भागणार नाही, नेमकं काय केलं ते सांगायचं. आणि हे सगळं एका वहीत रोज लिहायचं. "तीस दिवसांनीही अर्ज हवा असला तर मी सही करीन. एक शब्द विचारणार नाही."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. तीस दिवसांनी ती वही त्यांच्या टेबलावर ठेवून 'बघा, मी सांगत होते' असं म्हणायची संधी कोण सोडेल? ती वही त्यांची. ही माझी. तिथे शहाण्यासारखं लिहीन, इथे खरं.

१० जानेवारी, मंगळवार

तीन चांगल्या गोष्टी शोधायच्या होत्या. पहिली — शाळेत आली. दुसरी — वेळेवर आली. तिसरी साडेबारापर्यंत सापडली नाही, म्हणून 'शिंकताना तोंडावर हात धरला' असं लिहिलं. हसा, मोठ्या बाई, हसा.

पण सांगायचंही होतं. तिच्या बाकाजवळ गेले. माझी चाहूल लागताच तिनं खोडरबर मुठीत लपवलं. मी म्हटलं, तू आज वेळेवर आलीस, ते मला आवडलं. तिनं आधी मागे वळून पाहिलं — मी दुसऱ्या कोणाशी बोलतेय की काय! मग म्हणाली, "मी तर रोजच वेळेवर येते."

सुट्टीत हजेरीपुस्तक उघडलं. जूनपासून एकही उशिराची खूण नाही. एक दिवस गैरहजर, तोही तापामुळे. मी हे पुस्तक रोज भरते.

११ जानेवारी, बुधवार

सव्वाअकराला एकदा ओरडले. त्या वहीत लिहिलं नाही. इथे लिहिते.

१२ जानेवारी, गुरुवार

आजचा धडा — 'पळू नका' म्हणायचं नाही, 'चालत जा' म्हणायचं. 'गोंधळ नको'ऐवजी 'एका वेळी एक जण बोला'. तोंडाला वळणच नाही! 'पळू न—' इतकं बाहेर पडतं, मग गिळायचं, मग 'चालत जा'. मुलांना वाटतंय बाईंना उचकी लागली आहे.

आणि आवाज खाली ठेवायचा. जवळ जाऊन हळू बोलायचं. दिवसभर अडतीस मुलांच्या बाकांमधून नुसती पायपीट. वर्ग मात्र कान टवकारून बसला होता. ओरडणारी बाई हळू बोलायला लागली म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर घडलंय, असा त्यांचा अंदाज असावा.

शिक्षक-खोलीत 'ब'च्या बाई म्हणाल्या, काय हो, रजेवर होतात का? त्यांचा वर्ग मागच्या बाजूला, मध्ये दोन भिंती. तरी आवाज आला नाही म्हणून त्यांनी चौकशी केली. माझी कीर्ती दोन भिंतींपलीकडे पोचलेली आहे हे आज कळलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

पद्धत घरी वापरून पाहिली. आमचे हे लिफ्टदुरुस्तीचं काम करतात, दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय बघतात, घरी आल्यावर स्वतः मात्र खुर्चीतून हलत नाहीत. आज चुकून चहाचा कप उचलून मोरीत ठेवला. मी संधी साधली. म्हटलं, तुम्ही कप स्वतः उचलून ठेवलात, त्यामुळे मला मदत झाली.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच विचारलं, "माझ्याकडून काही चुकलंय का?"

नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तासाभरानं स्वतःहून सगळी भांडी विसळली, वर ओटाही पुसला. पद्धतीत दम आहे! फक्त समोरचा आधी घाबरलेला हवा.

१६ जानेवारी, सोमवार

वावटळीनं पाण्याची बाटली ओळीत नीट ठेवली. मी सांगितलं — तू बाटली रेघेवर ठेवलीस, त्यामुळे कोणाचा पाय अडकणार नाही. ती खूश दिसली. निदान तिनं शेजारणीला चिमटा काढला नाही.

दहा मिनिटांत माझ्या टेबलावरची खडूची पेटी खाली. कोणी पाडली? आमच्या मॉनिटरनं! ज्याच्या वहीत सुरकुती नाही, ज्याच्या केसांचा भांग जूनपासून जागचा हललेला नाही, त्यानं! जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं. खाली बघत म्हणाला, मी रोज बाटली ओळीत ठेवतो, तुम्ही मला कधी नाही म्हणालात.

घ्या! एका वावटळीसाठी तीन गोष्टी शोधत बसले, उरलेली सदतीस पोरं काय हवा खात होती? त्यांना वाटलं, बाईंचं लक्ष हवं असेल तर आधी काहीतरी पाडायला हवं. त्यांचं गणित बरोबर आहे. मीच शिकवलं असणार.

आता कपाटाच्या दाराच्या आत यादी चिकटवली आहे. रोज आठ नावं, पाळीपाळीनं. मॉनिटरला म्हटलं, तू सात महिने बाटली जागेवर ठेवतोयस, ते मी आज पाहिलं. त्यानं पेटीतले सगळे खडू रंगांप्रमाणे लावून दिले.

१८ जानेवारी, बुधवार

मोठ्या बाईंची नवी सूचना — घरी चिठ्ठी पाठवा, तक्रारीची नको, चांगली. लिहिली: 'आपल्या मुलीने आज गणिताच्या तासाला वीस मिनिटे जागेवर बसून सर्व उदाहरणे सोडवली. मला फार आनंद झाला.' दप्तरात ठेवली.

आता मला चिठ्ठ्या लिहिता येत नाहीत असं नाही. उलट माझ्या चिठ्ठ्या शाळेत प्रसिद्ध आहेत! डिसेंबरात याच घरी पाठवली होती — 'आपल्या कन्येने आज केवळ दोनच पेन्सिली चावून खाल्ल्या. घरी भूक भागत नाही काय?' शिक्षक-खोलीत वाचून दाखवली तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या होत्या.

१९ जानेवारी, गुरुवार

सकाळी दारात वावटळीची आई. इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला आहे, पहाटेची पाळी असते. पाळी अर्धी टाकून आली होती, हात अजून ओलसर. चिठ्ठी पुढे केली. म्हणाली, "बाई, टोमणा कळला. पण तिनं नक्की काय केलंय ते सरळ सांगा ना."

मी म्हटलं टोमणा नाही, खरंच लिहिलंय. तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. 'फार आनंद झाला' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, हे तर तुम्ही नेहमीच लिहिता. नोव्हेंबरातल्या चिठ्ठीत म्हणे मी लिहिलं होतं — 'आज आपल्या मुलीने फळ्यावर माझे चित्र काढले. फार आनंद झाला.' पोरीनं काल घरी रडत सांगितलं की खरंच मी काही नाही केलं. आईनं तिचं खरं मानलं नाही, कान पिळला, खेळायला जाऊ दिलं नाही.

वीस मिनिटं शांत बसण्याबद्दल त्या पोरीला शिक्षा झाली! माझ्या अक्षरामुळे!

म्हटलं, तुमची मुलगी हुशार आहे, वजाबाकी तिला वर्गात सगळ्यांत आधी जमली. बाई उभ्या उभ्याच रडायला लागली. म्हणाली, शाळेनं बोलावलं की तक्रारच असते, आज पहिल्यांदा बरं ऐकायला मिळालं. मग डोळे पुसून पाळीवर परत गेली. मला माझ्या त्या प्रसिद्ध चिठ्ठ्यांची लाज वाटली.

२० जानेवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंनी वही वाचली. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. एवढंच म्हणाल्या, खोडीची वेळ लिहीत जा. खोडीच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, तेही लिहा.

वेळ लिहून काय होणार! ही काय बस आहे, ठरलेल्या वेळी यायला?

२४ जानेवारी, मंगळवार

बसच आहे! सोमवारी दहा चाळीस — शेजारणीची वही खिडकीबाहेर. आज दहा बेचाळीस — बाकावर उभं राहून कोंबड्याची बांग. जुन्या शेऱ्यांची वही काढली, तिथेही मी कधीकधी वेळ टाकली आहे. पावणेअकरा, पावणेअकरा, दहा चाळीस. उरलेला दिवस तशी बरी असते. आणि हे सगळं नोव्हेंबरपासूनचं. त्याआधी तिच्या नावावर दोन खोड्या, त्याही बारीकसारीक.

आणखी एक. बांग देऊन झाल्यावर मी जवळ गेले, खाली उतरवलं, ठरल्याप्रमाणे हळू बोलले. ती म्हणाली, "बाई, मी बाहेर उभी राहू?"

मी म्हटलं, नको, आता आपण बाहेर उभं करत नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. शिक्षा रद्द झाली म्हणून हिरमुसलेलं मूल मी जन्मात पाहिलं नव्हतं.

२५ जानेवारी, बुधवार

आज पावणेअकराला मीच व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. जिथे तिला रोज उभी करायचे, बरोबर त्याच जागी.

खाली अंगण. अंगणापलीकडे बालवर्ग. पावणेअकराला त्यांची खाऊची सुट्टी होते, पोरं डबे घेऊन पायऱ्यांवर बसतात. एक एवढीशी मुलगी, पिवळा स्वेटर, डबा मांडीवर बंद. वर बघत होती. थेट आमच्या व्हरांड्याकडे. मी दिसले. माझा काही उपयोग नव्हता. मान लांब करून माझ्या मागे कोणी आहे का पाहिलं, कोणी नाही म्हटल्यावर ओठ काढून रडायला लागली.

खाली गेले. बालवर्गाच्या ताईंना विचारलं. ही वावटळीची धाकटी बहीण! नोव्हेंबरात दाखल झाली. डबा उघडायचीच नाही. मग एक दिवस वरून तिच्या मोठ्या बहिणीनं हात केला, खा अशी खूण केली, तेव्हा खाल्लं. तेव्हापासून रोज तसंच. दोन आठवडे बहीण दिसत नाही म्हणून डबा तसाच घरी जातोय. बालवर्गाच्या ताई वर म्हणाल्या, आम्हाला वाटायचं तुम्हीच तिला वेळेवर बाहेर पाठवता, किती समजूतदार बाई आहेत!

समजूतदार बाई! मी दोन महिने शिक्षा देत होते आणि ती शिक्षा मिळवत होती. त्यासाठी रोज नवी खोडी शोधायची म्हणजे काय कमी मेहनत आहे? सरळ विचारलं का नाहीस, असं तिला म्हणणार होते. मग आठवलं, विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं. काहीतरी झणझणीतच दिलं असतं आणि वर्ग हसला असता.

२७ जानेवारी, शुक्रवार

हजेरीपुस्तक ऑफिसात मी नऊला पाठवते. आजपासून पावणेअकराला. नेणार कोण? वावटळ. वाट बालवर्गावरून जाते.

म्हटलं, पुस्तक कारकुनांच्या हातात द्यायचं, वाटेत बहिणीला भेटायचं, परत यायचं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला घड्याळाकडे बघावं लागलं. अकरा मिनिटं लागली. आल्यावर म्हणाली, तिनं सगळं खाल्लं.

कारकून मात्र नाराज. हा माणूस म्हणजे चालतं-बोलतं घड्याळ, पुस्तक नऊला यायचं ते पावणेअकराला का, लेखी द्या म्हणाले. दिलं.

३० जानेवारी, सोमवार

पावणेअकरा आले आणि गेले. काही नाही! सहा मिनिटांत परत.

१ फेब्रुवारी, बुधवार

ती आता साध्वी झाली असं समजायचं कारण नाही. आज माझा चष्मा मॉनिटरला लावून त्याला 'बाई' बनवलं. वर्ग हसला. मीही. मॉनिटर चष्म्याआडून म्हणाला, 'एका वेळी एक जण बोला.' अगदी माझा सूर!

गाठी मारण्यात मात्र तिचा हात कोणी धरणार नाही. खेळाच्या तासाआधी पोरांच्या नाड्या सुटलेल्या असतात, मी वाकून वाकून कंबर मोडून घेते. आज तिला म्हटलं, हे खातं तुझं. तिनं नऊ जणांच्या नाड्या बांधल्या. प्रत्येकाच्या स्वतःच्या, एकमेकांना नाही. शिवाय दोघांना बांधायला शिकवलं, तेही न रागावता. नेमकं काय केलं ते सांगायचं म्हणून मी सांगितलं — तुला तीनदा दाखवावं लागलं तरी तू चिडली नाहीस. म्हणाली, "तुम्ही पण चिडत नाही आता."

३ फेब्रुवारी, शुक्रवार

वीस दिवस झाले. मोठ्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अर्ज मागे घ्यायचा का?

मी काय म्हणावं? म्हणाले, "अजून तीस कुठे झालेत?" आणि तरातरा वर निघून गेले. 'हो' हा एक अक्षराचा शब्द, पण घशाखाली उतरला की वर यायलाच तयार नाही. बावीस वर्षं शिकवणारी बाई, आणि सहा वर्षांनी लहान बाईपुढे कबूल करायचं की तुमचं बरोबर, माझं चूक! इतकी काय घाई आहे. दहा दिवस आहेत.

७ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. वावटळीनं रंगाचं पाणी शेजारणीच्या चित्रावर ओतलं. शेजारीण म्हणजे आमची वार्ताहर, शाळेत काय घडलं ते सगळ्यांत आधी मला तिच्याकडून कळतं. आज बातमी तिच्या स्वतःच्याच घरातली, त्यामुळे ओरडून सांगितली. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. अगदी जुनं, ठेवणीतलं.

गिळलं. खाली बसले, जमिनीवरच. काय झालं विचारलं. म्हणाली, ती आज आलीच नाही शाळेत. धाकटीला ताप, आईची दुहेरी पाळी, घरी शेजारच्या काकू. पुस्तक घेऊन खाली गेली तेव्हा पायरी रिकामी.

मी म्हटलं, काळजी वाटली म्हणून पाणी ओतलंस, पण चित्र तर तिचं गेलं. आता काय करायचं? तिनंच फडकं आणलं. जमीन पुसली. मग वार्ताहराला आपला कोरा कागद दिला आणि तिचं आकाश रंगवून दिलं. आकाश जरा जांभळं झालं, पण वार्ताहरानं चालवून घेतलं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

'दि. ९ जानेवारीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे.' लिहिलं. फार कोरडं वाटलं. 'आपल्या मार्गदर्शनामुळे' घातलं. फार गोड झालं. 'परिस्थितीत सुधारणा झाल्याने' — हे तर माझा पाय मुरगळला होता असं वाटतं. तीन कागद फाडले.

हे म्हणाले, "एका ओळीसाठी किती कागद? सरळ तोंडानं सांग ना." लिफ्टवाल्यांना सगळं एका बटणासरशी होतं असं वाटतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मनापासून सल्ला दिलात, ते मला आवडलं. आता ते घाबरत नाहीत, नुसते हसतात.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

ती मला आवडते. लिहून टाकलं.

बाकीचीही आवडतात, पण तिला मी शोधून काढलं, दिवसाला तीन-तीन गोष्टींनी. आज तिसरी गोष्ट शोधावी लागली नाही, अकरा झाल्या. शेवटी वहीत जागा संपली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या बाई उद्यापासून आठवडाभर प्रशिक्षणाला जाणार. निघताना वर्गाच्या दाराशी थांबल्या. म्हणाल्या, उद्या तिसावा दिवस. मागे घेणार असाल तर कारकुनांकडे दोन ओळी द्या. नाहीतर माझा शब्द मी पाळलाय, अर्जावर सही करून ठेवली आहे.

वर्ग त्या वेळी गप्प बसून लिहीत होता. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबल्या असतील. मी फळा पुसत राहिले. पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र पर्समध्ये होतं. एका ओळीचं, चांगलं जमलेलं. मधल्या सुट्टीत ऑफिसात जाणारच होते. पण शिक्षक-खोलीतच सगळ्यांनी घेरलं. 'ब'च्या बाई म्हणाल्या, तीस दिवस झाले ना? काय, विरघळलात म्हणे! जमिनीवर बसून मुलांशी बोलता म्हणे! सगळ्या हसल्या. तशी मजाच होती, मी नाही का बावीस वर्षं सगळ्यांची करत आले.

नेमके तेव्हाच कारकून दारात. हातात फाईल. सरळ माणूस, त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुमचा तो अर्ज आज पुढे पाठवतो. काही बदल?"

सगळ्या माझ्याकडे बघतायत. पर्स मांडीवर. आणि मी म्हणाले, "पाठवा की. मी काही विरघळणारी नाही." वर हसलेसुद्धा.

असो. काही बिघडत नाही. या ऑफिसात साधं नवं डस्टर मागितलं तर दोन महिने लागतात, अर्ज कुठला हलतोय! सोमवारी सकाळी, कोणी नसताना, गुपचूप पत्र देईन. मोठ्या बाई आल्या की त्यांना तोंडानंही सांगेन. सगळं सांगेन, डबा, व्हरांडा, माझ्या चिठ्ठ्या, सगळं.

१९ फेब्रुवारी, रविवार

उद्या आधी ऑफिस, मग वर्ग.

२० फेब्रुवारी, सोमवार

आदेश शनिवारीच निघाला होता. सकाळी आठला ऑफिसात पोचले तेव्हा 'ब'च्या पटावर तिचं नाव चढलेलं होतं. कारकुनांनी माझं पत्र घेतलं, त्यावर तारीख टाकली, फाईलला लावलं. म्हणाले, एका वर्षात एकदाच तुकडी बदलता येते, बाई. आता जूनमध्ये.

पहिल्या तासाला ती दप्तर न्यायला आली. सगळा वर्ग बघत होता. तिनं हुकावरून पिशवी काढली, बाटली घेतली, आणि माझ्या टेबलाजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "बाई, मी काय केलं?"

तीस दिवस मी तिला रोज नेमकं हेच सांगत आले.

म्हटलं, "तू काही नाही केलंस. मी केलं."